एका नावाचे दोन पत्ते

"साइट उघडली का?" मी विचारलं.

"थांबा की. गोल गोल फिरतंय अजून." मग थोड्या वेळानं कमल म्हणाली, "उघडली. खाली हिरवी पट्टी आहे."

"निळी नाही ना?"

"मला काय दिसत नाही का? हिरवी. आता सीट घेऊ?"

"घे."

"देगलूरची घेते. खिडकीची." ती गप्प झाली. बोटानं एकेक दाबत असणार. मी नारायणगुड्याला, दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात. ती कुकटपल्लीला, घरी. मध्ये सगळं शहर. "झाली बघा. गेले माहेरी." मग परत म्हणाली, "आता रद्द केली. आले परत."

"बरं, ठेव."

"येताना काही आणू नका. घरात सगळं आहे."

आमचं शेवटचं साधंसुधं बोलणं हे. संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली होती. मला वाटलं डोळा लागला. डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेल्या. आजारी नव्हती, काही नव्हतं. बसली ती उठली नाही.

मी एका छोट्या होस्टिंग कंपनीत कामाला आहे. होस्टिंग म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या मशिनीवर ठेवायच्या आणि त्या बंद पडू द्यायच्या नाहीत. शिक्षण माझं सातवी. हैदराबादला आलो तो टेलिफोनच्या केबलसाठी चर खणायला. पुढं केबल जोडायला शिकलो. मग ह्या कंपनीत वायरिंगला आलो आणि इथंच राहिलो. डीएनएसचं काम माझ्याकडं आलं ते कुणाला आवडत नाही म्हणून. दोन ओळी लिहायच्या आणि वाट बघत बसायचं. पोरांना वाट बघणं जमत नाही.

डीएनएस म्हणजे पत्ता सांगणारा. गावात शिरताना पारावर एखादा म्हातारा बसलेला असतो. फलाण्याचं घर कुठं, असं विचारलं की तो हात करतो. तेवढंच त्याचं काम. तुम्ही मोबाईलवर साइटचं नाव लिहिता. मशिनीला नावाचं काही कळत नाही, तिला आकडे पाहिजेत. ते आकडे डीएनएस सांगतो. मग तुमची विनंती त्या आकड्यांच्या मशिनीकडं जाते. पान खरोखर ज्या मशिनीत ठेवलेलं असतं तिला ओरिजिन सर्व्हर म्हणतात. म्हणजे मूळ घर.

ह्या कामात मला एक गोष्ट फार आवडायची. उदगीरला कुणी बाई मोबाईलवर बोट टेकवते. ती इकडं वळणार का तिकडं, हे मी लिहिलेल्या एका ओळीवर ठरतं. मला ती दिसत नाही, तिला मी दिसत नाही. दुपारी सर्व्हर रूममध्ये गार असायचं, पंख्यांचा एकसारखा आवाज असायचा, आणि मी डोळे मिटले की ती सगळी माणसं मला चालताना दिसायची. पांढऱ्या रस्त्यानं, पाय न वाजवता. पारापाशी येऊन थांबायची. मी हात करायचो. ती वळायची.

कमल गेल्यावर ती माणसं डोळे उघडे असतानाही दिसायला लागली.

मुलगा दुबईला असतो. आला, विहारात पुण्यानुमोदन झालं, चार दिवस राहिला, गेला. त्यानंतर घर म्हणजे एक कुलूप झालं. सकाळी लावायचं, अंधार पडल्यावर काढायचं. मी रविवारीसुद्धा ऑफिसला जायला लागलो. वॉचमन विचारायचा, काम आहे का. मी म्हणायचो, आहे. आत जाऊन पंखे ऐकत बसायचो.

सुधा मॅडम आमच्या मालकीण. तेलुगू बाई, वयानं माझ्या सुनेएवढी. आमचं बोलणं हैदराबादी हिंदीत चालतं. इथं मराठीत लिहितो. एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं.

"अंकल, खलीलभाईंची साइट हलवायची आहे ना, ती हलवा. मग तुम्ही आराम करा."

"आराम म्हणजे?"

"म्हणजे घरी बसा. पुष्कळ केलंत."

"घरी बसून काय करू?"

"झोपा, टीव्ही बघा. काल तुम्ही सर्व्हर रूममध्ये एकटेच बोलत होता."

"मशिनीशी बोलत होतो."

"तेच म्हणते मी."

"मॅडम, मला घरी बसवू नका. जमणार नाही मला."

त्या बराच वेळ पेन उघडझाप करत राहिल्या. "हे काम नीट होऊ दे," म्हणाल्या. "एकही गडबड न होता झालं तर आपण बोलू. झाली तर मग माझं ऐकायचं."

मी म्हणलं, ठीक.

खलीलभाईंच्या बसगाड्या आहेत. अफझलगंजला त्यांचा काउंटर आहे, तिथून देगलूर, नांदेड, उदगीर, लातूर अशा गाड्या सुटतात. तिकिटं साइटवरही मिळतात. त्यांची सगळी साइट आमच्या मागच्या खोलीतल्या एका जुन्या सर्व्हरवर होती. दसरा जवळ आला होता. दसऱ्याला सगळा मराठवाडा हैदराबादेतून गावाकडं निघतो. जुन्या सर्व्हरला ती गर्दी झेपत नव्हती. म्हणून ठरलं की शहराबाहेरच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये एक नवा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा आणि काम वाटून द्यायचं. सीट बुकिंगचं जे नाव आहे त्याचा पत्ता नव्या सर्व्हरचा. वेळापत्रक, गाड्यांचे फोटो, गाडी कुठपर्यंत आली ते बघायचं पान, हे सगळं जुन्यावरच राहणार. म्हणजे साइट एकच, पण मूळ घरं दोन, आणि कोण कुठल्या घरी जाणार हे डीएनएसच्या ओळींनी ठरवायचं. कुठलं पान कुठून आलं ते ओळखू यावं म्हणून तळाला एक बारीक पट्टी ठेवली होती. जुन्या सर्व्हरची निळी, नव्याची हिरवी.

कमलनं त्या दिवशी बघितली ती ह्याच कामाची पहिली चाचणी. वेगळं नाव घेऊन केलेली. माझी कुठलीही साइट हलायची असली की ती घरून बघायची. कपड्याचं दुकान असो, नाहीतर लग्नाचं सभागृह. तिचा शब्द आला की मी पुढचं करायचो. खलीलभाईंची साइट तिला सगळ्यात आवडायची, कारण तिच्यावरून माहेरी जाता यायचं. सांगायला नको, गाडीत बसून ती क्वचितच गेली.

ज्या दिवशी खरी बदली करायची त्या दिवशी मी दुपारी पॅनल उघडलं. पॅनल म्हणजे ज्या पानावर पत्त्यांच्या ओळी लिहायच्या ते. बुकिंगच्या नावाची नवी ओळ लिहिली. आकडे तीनदा वाचले. सेव्ह केलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली, हिरवी पट्टी आली. मग फोन हातात घेतला. कमलचं नाव काढलं आणि बघत बसलो. किती वेळ ते माहीत नाही. खिडकीबाहेर कुणीतरी पतंगासारखं काहीतरी उडवत होतं, ते बघत असल्याचं आठवतं. चहा आला. चहा प्यायलो. कप ठेवायला उठलो तर समोर सुधा मॅडम.

"झालं, अंकल?"

"झालं," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची पायरी चढत असतानाच खलीलभाईंचा फोन आला.

"क्या जी काका, ये क्या तमाशा लगाए? सीट एक, टिकटां दो. सुबू की गाड़ी में ग्यारा नंबर पे दो जने बैठने कू आए."

"दोन कसे? बघतो."

"देखो नक्को, करो. दो बजे की गाड़ी का भी वैसाच है. इत्ते फोनां आरे मेरे कू. और एक बाई है इधर, तुम्हारी मराठी बाई. सीट नै मिली तो गाड़ी में चढ़ीच नै. मेरे काउंटर पे बैठ गई. बोलती, जिसने बेचा उसकू बुलाओ."

मी वर गेलो. सुधा मॅडमना सांगितलं. त्यांनी पर्स खाली ठेवायच्या आधी लॅपटॉप उघडला. दोन वाजताची देगलूरची गाडी. दसऱ्याची गर्दी. त्या आधी उलगडा झाला नाही तर भर अफझलगंजात मारामारी होणार होती. आणि माझं घरी बसणं पक्कं होणार होतं. ते मला त्यांच्या पाठीकडं बघूनच कळत होतं.

आधी वाटलं, पैसे भरताना एकच तिकीट दोनदा निघालं. पण माणसं वेगवेगळी होती, नावं वेगळी होती. मग वाटलं, जुन्यावरची माहिती नव्यावर आणताना काही सीटा सुटल्या. मॅडमनी ते तपासलं. काही सुटलं नव्हतं. बदलीच्या वेळेपर्यंत विकलेल्या सगळ्या सीटा दोन्हीकडं सारख्या होत्या.

"कुणी अजून जुन्यावरून घेतंय का?" त्या म्हणाल्या. "जुन्यावरचं बुकिंग आज संध्याकाळी बंद करायचं होतं आपल्याला. ते चालूच आहे."

"पत्ता तर नव्याचा दिलाय," मी म्हणलं.

त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना आपापल्या मोबाईलवर साइट उघडायला लावली. हिरवी. हिरवी. हिरवी. कुणाचीही निळी येईना. मॅडम दोन्ही हातांत डोकं धरून बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दसरा आहे अंकल, आणि नव्या सर्व्हरवर एवढीच माणसं कशी? बाकीची कुठं गेली?"

बाकीची कुठं गेली. मला त्या वाक्यानं काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी तिथंच उभा होतो आणि मला तो पांढरा रस्ता दिसला. माणसं येत होती. पारापाशी थांबत होती. पारावर मी बसलो होतो आणि माझे दोन हात दोन बाजूंना पसरलेले होते. एक इकडं, एक तिकडं. माणसं दोन्हीकडं वळत होती आणि मी गप्प बसलो होतो.

मी खलीलभाईंना फोन लावला. "त्या बाईंना फोन द्या."

बाई लगेच बोलल्या. "कोण? सीट विकणारे का तुम्ही?"

"नाही. साइट बघतो मी. नाव काय तुमचं?"

"पुष्पा. मुखेडची. तुम्ही मराठी आहात का?"

"हो."

"मग बरोबर. आपलाच माणूस घोळ घालतो. मी सकाळी सहापासून बाहेर आहे. मोबाईलवर माझं नाव आहे, सीटवर एक दाढीवाला पोरगा बसलाय. त्याच्यापण मोबाईलवर त्याचं नाव आहे. आता सांगा, मी काय त्याच्या मांडीवर बसून मुखेडला जाऊ?"

"बाई, एक काम करा. तुमच्या मोबाईलवर ती साइट उघडा."

"परत पैसे कापतील."

"नाही कापत. नुसती उघडा. अगदी खाली जा. एक बारीक पट्टी असेल. रंग सांगा."

"रंग?" त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागं कंडक्टर नांदेड नांदेड ओरडत होता. "निळा."

"आता खलीलभाईंच्या मोबाईलवर बघा. तीच साइट."

"मियाँ, दाखवा तुमचा. हां, खाली घ्या. अजून खाली." मग म्हणाल्या, "ह्यांचा हिरवा आहे. काय हो, ह्यांना चांगलं दुकान आणि आम्हाला जुनं का?"

एकाच बाकावर बसलेली दोन माणसं, एकच नाव, एकाच वेळी दोन घरी गेली होती. मी फोन ठेवला आणि पॅनल उघडलं.

बुकिंगच्या नावापुढं दोन ओळी होत्या. नवा पत्ता आणि जुना पत्ता. एका नावाला दोन पत्ते लिहिले तर डीएनएस भांडत नाही. तो दोन्ही सांगतो. कुणाला हा आधी, कुणाला तो आधी. साधारण निम्मी माणसं इकडं जातात, निम्मी तिकडं. दोन्ही सर्व्हर आपापल्या परीनं इमानदारीत तीच गाडी विकत होते.

आणि ऑफिसात सगळ्यांची हिरवी का, तेही तिथंच कळलं. चाचणीच्या वेळी आमच्या राउटरमध्ये नवा पत्ता पक्का लिहून ठेवला होता. ऑफिसच्या वायफायवरचा कुणीही पारावरच्या म्हाताऱ्याला विचारतच नव्हता. सरळ नव्या घरी जात होता.

मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "जुनी ओळ आहे अजून," म्हणाल्या. "पुसा."

मी तिच्यावर बाण नेला. एवढीशी ओळ. चार आकडे, मध्ये टिंबं. मी ती बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेली होती. हात चालेना. मॅडमनी घाई केली नाही. मग मी पुसली.

पण एवढ्यानं भागत नाही. डीएनएसनं एकदा पत्ता सांगितला की विचारणारा तो काही वेळ डोक्यात ठेवतो, परत परत विचारत नाही. किती वेळ ठेवायचा ते आपणच लिहून दिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. आमचा सहा तासांचा होता. म्हणजे मी ओळ पुसली तरी ज्यांना जुना पत्ता सांगून झालाय ते दुपार उलटेपर्यंत जुन्या घरीच येत राहणार.

"जुना सर्व्हर बंद करू," मॅडम म्हणाल्या. "निदान विकणं थांबेल."

"बंद नका करू."

"का?"

"त्याच्यावर वेळापत्रक आहे. गाडी कुठं आहे ते बघतात लोक." हे खरं होतं, पण मी तेवढ्यासाठी म्हणालो नव्हतो. "आणि येणाऱ्यांना काय कळणार? ते त्यांना सांगितलेल्या पत्त्यावर आलेत. दार वाजवणार आणि आत कुणीच नाही."

 मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "ठीक आहे. दार उघडं ठेवू. पण विकायचं नाही." त्यांनी काय केलं ते मला त्या वेळी पुरतं कळलं नाही. नंतर त्यांनी समजावलं ते असं. गिऱ्हाईक जुन्या दुकानात आलं तरी जुना दुकानदार आपल्याकडचा माल देणार नाही. तो मागच्या दारानं नव्या दुकानात जाणार, तिथून आणणार आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणार. गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही. सर्व्हरवर हे सात-आठ ओळींत होतं. ते त्यांनाच येतं, मला नाही. त्यांनी लिहिलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा चाललं.

मग आधीच दोनदा विकल्या गेलेल्या सीटा काढल्या. दोन वाजताच्या गाडीत सात निघाल्या. मॅडमनी खलीलभाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शेवटी खलीलभाईंनी आपल्या मेहुण्याची छोटी गाडी बोलावली आणि खर्च आमच्यावर टाकला. मॅडमनी कबूल केलं.

"तुम्ही तिथं जा," त्या मला म्हणाल्या. "प्रत्येकाच्या मोबाईलवर बघा. इथं बसून आपल्याला काही दिसत नाही."

अफझलगंजला मी काउंटरच्या बाकावर जाऊन बसलो. ऊन चढलं होतं आणि सगळीकडं झेंडूच्या फुलांची पोती होती. पुष्पाबाई शेजारीच होत्या. पन्नाशीच्या, नाकात चमकी, पायाशी दोन पिशव्या. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तुम्हीच का ते? मला वाटलं कुणी टाय लावलेला असेल."

"नाही."

"म्हणूनच घोळ झाला."

येईल त्याला मी मोबाईल मागत होतो. लोक आधी घाबरायचे, मग द्यायचे. हिरवी. हिरवी. पुष्पाबाईंची आता परत उघडली तर तीही हिरवी. ती जुन्याच दारातून आलेली हिरवी होती, पण हिरवी. उन्हात त्या एवढ्याशा पट्ट्या बघत बसल्यावर मला गुंगी आल्यासारखं झालं. समोरून माणसं येत होती, पिशव्या, पोरं, कोंबड्यांचं एक खुराडं, आणि सगळी एकाच बाजूला वळत होती. मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी मला त्यांचे पाय ऐकू येत होते.

"घरी कोण असतं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

त्यांनी पिशवीतून गुळपोळीचा अर्धा तुकडा काढून दिला. अजून काही विचारलं नाही.

दोन वाजता दोन्ही गाड्या निघाल्या. कुणी उभं राहिलं नाही. ग्यारा नंबरच्या खिडकीतून पुष्पाबाई म्हणाल्या, "दिवाळीला परत येताना बघते, सुधारलात का." खलीलभाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चलो काका, जान बची. अब्बी चाय पिओ, बाद में गालियां देतूं." चहा झाला. शिव्या काही दिल्या नाहीत.

ऑफिसला परतलो तर मॅडम वाट बघत होत्या.

"जुनी ओळ का राहिली, अंकल?"

मी सांगितलं. नवीन ओळ आधी लिहायची, जुनी लगेच पुसायची नाही, ही माझी रीत. मधल्या वेळात नावाला पत्ताच नाही असं होऊ नये म्हणून. मग कमलला फोन करायचा. ती बाहेरून बघायची. ती हिरवी म्हणाली की मगच जुनी पुसायची. काल नवी लिहिली. मग तिच्या शब्दाची वाट बघत बसलो.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नवी आणि जुनी एकाच वेळी ठेवायची नसते," म्हणाल्या. "आहे तीच ओळ बदलायची असते."

"आता कळलं."

"म्हणजे इतकी वर्षं आमच्या सगळ्या साइट आंटी तपासत होत्या?"

"हो."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही."

"तुमच्या हातून कधी चूक होत नाही म्हणून मी सगळ्यांना सांगायचे. मला वाटायचं तुम्ही फार हुशार आहात."

"नाही," मी म्हणलं. "लग्न झालेलं होतं."

त्या हसल्या, आणि मग चष्मा काढून पुसत बसल्या. मी उठलो. ठरल्याप्रमाणे गडबड झाली होती. मी म्हणलं, "किल्ल्या कुणाकडं देऊ?"

"बसा. किल्ल्या कुणी मागितल्या?" त्यांनी चष्मा लावला. "उद्यापासून कुठलाही पत्ता बदलला की एका माणसानं ऑफिसच्या बाहेरून बघायचं. त्यानं हो म्हटल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. हा नियम. तो माणूस तुम्ही. उद्या दोन साइट हलवायच्या आहेत. दुपारी फोन करू. तुम्ही घरीच थांबा."

"घरी?"

"इथल्या नेटवरून बघून चालत नाही म्हणून तर."

"मॅडम, नोकरी आहे म्हणायची का गेली म्हणायची?"

"आहे."

"मग घरी का बसवताय?"

"बसवत नाही. बघायला सांगते. आठवड्यातून दोन दिवस. बाकीचे दिवस इथं या, पंखे ऐका."



ह्या कामात नवीन येणाऱ्यांना मी आता दोनच गोष्टी सांगतो. आत बसून जे दिसतं ते बाहेर तसंच दिसत असेल असं धरू नका. आणि पत्ता बदलला तर जुन्या ठिकाणी काही दिवस कुणीतरी बसवा, कारण बदललेलं सगळ्यांना एकदम कळत नाही. पोरं मान हलवतात. त्यांना ते टीटीएलचं सांगतोय असं वाटतं. टीटीएलचंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी घरी होतो. कामाच्या दिवशी दहा वाजता मी घरी कधी नसतोच. त्या वेळी स्वयंपाकघरात ऊन कुठपर्यंत येतं, ते मला माहीत नव्हतं. ते भिंतीपर्यंत येतं. मी त्यात उभा होतो.

खालून कुणीतरी हाक मारली. "कमलम्मा."

मी हललो नाही. पुन्हा हाक आली, जरा लांबवून, सवयीची. मी तसाच अनवाणी खाली गेलो. दारात एक म्हातारी, डोक्यावर पालेभाजीची पाटी. मला बघून ती माझ्या मागं जिन्याकडं बघायला लागली.

"अम्मा लेदा?" अम्मा नाही का, असं तेलुगूत विचारलं तिनं. लेकीच्या बाळंतपणाला मेदकला गेले होते, म्हणाली, कालच आले. मग विचारलं, तुम्ही कोण.

"तिचा नवरा."

"इतकी वर्षं येते मी. कधी दिसला नाहीत."

"कामावर असायचो," मी म्हणलं. "कमल वारली. बरेच दिवस झाले."

तिनं पाटी खाली उतरवली. पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं आणि नंतर बराच वेळ जुड्या इकडच्या तिकडं करत राहिली. मग एक चुक्याची जुडी निवडून माझ्यापुढं धरली. अम्मा हीच घ्यायच्या, म्हणाली.

"ही करायची कशी?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. डाळ कुठली, आंबटपणा किती, फोडणी कधी. एखादा तेलुगू शब्द मला कळला नाही की ती हातानं करून दाखवायची. मी तिच्या शेजारी पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं. मग वर गेलो आणि डाळ धुवायला घेतली.